हौसेचा रेडिओ कामाला आला ते वर्ष



आपल्या बचत गटात एखादीनं नवीन काही शिकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. यातून उत्पन्न काय? प्रश्न चुकीचा नाही. घर चालवणाऱ्या बाईनं तो विचारायलाच हवा. शिवणकाम, शेळीपालन, पापड-मसाले या सगळ्यांना तो लागू पडतो. पण आज मी ज्या छंदाबद्दल सांगणार आहे, त्यातून एक रुपयाही मिळत नाही. उलट त्यातून पैसे मिळवायला कायद्यानंच बंदी आहे. तरीही २००४ साली या छंदातल्या एका बाईनं जे काम केलं, ते आपल्या देशाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. त्या बाईंचं नाव भारती प्रसाद आणि छंदाचं नाव हौशी रेडिओ. जगभर त्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात.

आधी हा छंद काय आहे ते पाहू. आपल्या सामुदायिक रेडिओवर एकजण बोलते आणि बाकीच्या ऐकतात. हॅम रेडिओवर दोन्हीकडून बोलता येतं. ज्याच्याकडे परवाना आहे, तो आपल्या घरातल्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलतो, मग तो शेजारच्या गावचा असो की जपानचा. प्रत्येकाला सरकारकडून एक खूणनाव मिळतं, त्याला ‘कॉल साइन’ म्हणतात. भारतातल्या हॅम लोकांची खूणनावं ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. भारती प्रसाद यांचं दिल्लीचं खूणनाव ‘व्हीयू२आरबीआय’. या यंत्रावरून गाणी लावायची नाहीत, जाहिरात करायची नाही, धंद्याचं बोलायचं नाही, असे नियम आहेत.

हा आवाज इतक्या लांब जातो कसा? आपल्या मोबाईलला जवळपास टॉवर लागतो. टॉवर पडला किंवा त्याची वीज गेली की मोबाईल नुसता खेळणं होतो. हॅम रेडिओच्या लघुलहरींना टॉवर लागत नाही. जमिनीपासून शंभर-दोनशे किलोमीटर आणि त्याहून वर वातावरणाचा एक थर असा आहे, की त्यावरून या लहरी वळून परत खाली येतात. भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा, तसंच. त्यामुळे एक यंत्र, गाडीला असते तशी बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन खांबांमध्ये किंवा झाडांमध्ये ताणलेली एक तार एवढ्यावर हजारो किलोमीटर दूरच्या माणसाशी बोलता येतं. अर्थात सरावही लागतो. कोणत्या वेळी कोणत्या लहरी कुठपर्यंत पोचतात, खरखरीतून शब्द कसा पकडायचा, हे करून करूनच येतं.

भारतात हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला. ते भारतातले पहिले हॅम मानले जातात. पण सरकारला या यंत्राचा नेहमीच धाक वाटत आला. ज्याच्याकडे बोलायचं यंत्र आहे, तो काय बोलेल यावर ताबा कोण ठेवणार? १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारनं सगळ्यांचे परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला लावली.

तो धाक अगदीच खोटा नव्हता, हे मुंबईनं १९४२ साली दाखवून दिलं. ‘चले जाव’ची हाक आली आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसोबत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. यंत्राची तांत्रिक बाजू सांभाळणारे नरिमन प्रिंटर हे आधीपासून या छंदातले होते. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली. पुढे त्या प्राध्यापक झाल्या आणि १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. काँग्रेस रेडिओ हा काही हौशी रेडिओ नव्हता, तो लढ्याचा भाग होता. पण आवाजाच्या यंत्रामागे एक बाई बसली होती, ही गोष्ट आपल्या लक्षात राहायला हवी.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. पण सीमेजवळच्या आणि संरक्षणाच्या दृष्टीनं नाजूक भागांत सरकार हात राखूनच राहिलं. अंदमान-निकोबार त्यातलंच. १९८७ नंतर तिथून हौशी रेडिओ चालवायला परवानगी मिळाली नव्हती. हॅम लोकांच्या जगात अंदमानला वेगळा मान आहे. त्यांच्या यादीत ही बेटं वेगळ्या देशासारखी मोजली जातात. जगातल्या प्रत्येक ठिकाणच्या हॅमशी निदान एकदा बोलणं व्हावं, अशी अनेकांची हौस असते. सतरा वर्षं अंदमानातून आवाजच नाही, म्हणजे जगभरच्या हौशी माणसांच्या वहीत ती एक जागा रिकामी होती.

ती जागा भरावी म्हणून भारती प्रसाद आणि हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था अनेक वर्षं सरकारदरबारी प्रयत्न करत होत्या. दिल्लीतल्या कचेऱ्यांमधून फाईल कशी फिरते, हे गटाच्या कर्जासाठी बँकेत गेलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. शेवटी २००४ साली परवानगी मिळाली. डिसेंबरच्या सुरुवातीला भारतीताई सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला पोचल्या. तिथे एका हॉटेलात त्यांनी केंद्र मांडलं. अंदमानसाठी त्यांचं खूणनाव ठरलं ‘व्हीयू४आरबीआय’.

मग जी झुंबड उडाली, ती विचारू नका. बाजाराच्या दिवशी एकाच भाजीवालीपुढे शेकडो गिऱ्हाइकांनी एकदम हाका माराव्यात, तसं. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडून एकाच वेळी लोक आपलं खूणनाव पुकारत होते. त्या गलक्यातून एकेक नाव वेगळं काढायचं, ते परत म्हणून दाखवायचं, आवाज कसा येतोय ते सांगायचं, वेळ लिहायची आणि पुढच्याला हाक द्यायची. एकेक बोलणं काही सेकंदांचं. असे तासन् तास, दिवसरात्र. तीन आठवड्यांत त्यांनी जगभरच्या हजारो लोकांशी संपर्क केला. बाहेरून पाहणारा म्हणाला असता, अनोळखी लोकांशी नुसत्या नावांची देवाणघेवाण करून काय मिळतं?

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. भारतीताई त्या वेळी रेडिओवरच होत्या. इमारत हलू लागली तसं सगळ्यांना बाहेर पळावं लागलं. पाठोपाठ सुनामीच्या लाटा आल्या. वीज गेली, टेलिफोन बंद पडले. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई तेराशे किलोमीटरहून अधिक दूर. मधे नुसता समुद्र. निकोबारच्या दक्षिणेकडच्या बेटांवर काय झालं, हे तर कुणालाच कळत नव्हतं.

अशा वेळी भारतीताईंनी यंत्र बाहेर काढलं, अँटेना पुन्हा उभी केली आणि मुख्य भूमीवरच्या हॅम लोकांना हाक दिली. बेटांवर काय झालं आहे, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. हौसेचं केंद्र त्याच दिवशी संकटाचं केंद्र झालं.

पुढचे कित्येक दिवस या केंद्रातून निरोप जात-येत राहिले. अमुक गावचा तमुक माणूस सुखरूप आहे, घरी कळवा. अमुक कुटुंबाचा शोध घ्या. बेटांवरची माणसं नातेवाइकांची नावं आणि फोन नंबर द्यायची, मुख्य भूमीवरचे हॅम ते उतरवून घ्यायचे आणि आपापल्या फोनवरून त्या घरांना कळवायचे. लाटांनी होत्याचं नव्हतं झालेल्या कार निकोबार बेटावरही हॅम लोकांनी जाऊन केंद्र मांडलं आणि तिथले निरोप पोर्ट ब्लेअरला पोचवले. आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे माहीत नसलेल्या आईला ‘सुखरूप’ हा एक शब्द काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. हे काम त्यांना त्या दिवशी का जमलं? एक, परवानगी हातात होती. दोन, यंत्र आणि तार तिथेच होती, मागवावी लागली नाही. तीन, गलक्यातून एकेक नाव अचूक ऐकायचं आणि बिनचूक लिहायचं, याचा तीन आठवडे रोज सराव झाला होता. जी देवाणघेवाण बिनकामाची वाटली असती, तीच तालीम ठरली. पण या तिन्ही गोष्टी त्या दिवशी त्याच जागी असणं हा योगायोग होता. परवानगी वर्षभर उशिरा मिळाली असती, तर त्या सकाळी पोर्ट ब्लेअरला हे केंद्र नसतं. संकटातला संपर्क योगायोगावर सोडायचा नसतो, हा २००४ सालाचा धडा.

त्या वर्षानंतरच्या आशाही काही प्रमाणात खऱ्या झाल्या. ५ मे २००५ ला इस्रोनं श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ हा बेचाळीस किलोंचा छोटा उपग्रह सोडला. तो खास हौशी रेडिओवाल्यांसाठी होता आणि २०१४ पर्यंत त्यानं जगभरच्या हॅम लोकांची सेवा केली. २००६ साली अंदमानात आणि २००७ साली लक्षद्वीपमध्ये पुन्हा हॅम केंद्रं उभी राहिली. जी दारं वर्षानुवर्षं बंद होती, ती किलकिली झाली. अंदमानला समुद्राखालून चेन्नईशी जोडणारी केबल मात्र २०२० साली आली.

आता कुणी म्हणेल, आज हाताहातात मोबाईल आहे, सरकारकडे सॅटेलाइट फोन आहेत, मग हे कशाला? आपल्याच महाराष्ट्राकडे पाहू. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हॅम लोक तिथे धावून गेले होते. त्या वेळी मोबाईल नव्हता हे खरं. पण जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा मोबाईल घरोघरी होते. वीज गेली, नेटवर्क गेलं आणि गच्चीवर अडकलेल्या माणसांच्या हातातले फोन मुके झाले. हॅम रेडिओ मोबाईलची जागा घेणार नाही, बोटीही पाठवणार नाही. पण बोट कुठे पाठवायची हा निरोप तो पोचवू शकतो.

म्हणून येत्या वर्षासाठी माझी एक आशा आहे. आपल्या तालुक्यातल्या गटांमधून निदान दोन मैत्रिणींनी हौशी रेडिओचा परवाना काढावा. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं, त्यामुळे शाळकरी मुलीही चालतील. परीक्षा दोन भागांची असते. वीज आणि रेडिओची प्राथमिक माहिती हा एक भाग, नियम हा दुसरा. परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. परवाना नसताना या यंत्रावरून बोलणं गुन्हा आहे. ऐकायला सुरुवात करा, शिका, परीक्षा द्या, मगच बोला.

यंत्र महाग असतं, हे खरं. एकटीला परवडणार नाही. पण एकटीला न परवडणाऱ्या गोष्टी गटानं आजवर केल्याच आहेत. आधी शिकणं, मग परवाना आणि मग चार गटांनी मिळून एक यंत्र, असं टप्प्याटप्प्यानं जाता येईल. निरोप नीट ऐकणं, लिहून घेणं, परत वाचून दाखवणं हे तर आपल्या बैठकांचं इतिवृत्त लिहिणाऱ्या प्रत्येकीला येतंच.

घरातून विचारलं जाईल, यातून उत्पन्न काय? उत्पन्न काही नाही, असं सरळ सांगा. पुरुषमाणसं क्रिकेट बघतात तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाईनं हौस म्हणून काही शिकावं, रोज तासभर त्याचा सराव करावा, एवढी मोकळीक तिला मिळायला हवी. ती हौस कधी कुणाच्या कामी येईल, हे आधी सांगता येत नाही. भारतीताई अंदमानला निघाल्या, तेव्हा त्यांनाही ते माहीत नव्हतं.

ज्यांना या अभ्यासात रस असेल, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत आपलं नाव इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावं. दोन नावं आली की आपण सुरुवात करू.