कारा गोटा

गोंदियातल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या दाराला एक काळा गोटा लावलेला असायचा. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. दिसायला सोललेल्या नारळाएवढा, पण उचलायला गेलं की खांदा खाली यायचा. तो एका हातानं उचलून दाखवायची आम्हा भावंडांत पैज लागे. पैज कोणीही जिंको, हात सगळ्यांचेच काळे होत आणि ते हात सदऱ्याला पुसले जात. मग आजी आतून ओरडायची, "धुनं कोन धुवंल? तुमचा आजा?"

गोटा आजानंच आणलेला. आमचा आजा रेल्वेच्या यार्डात टोपल्या मोजायचा. तेव्हा गोंदियाला दोन लायनी होत्या. मोठी लाईन नागपूरहून येऊन कलकत्त्याकडे जाणारी आणि छोटी लाईन, अडीच फुटांची, बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी. बालाघाटकडून छोट्या लाईनच्या डब्यांतून मँगनीज यायचं. ते इथं उतरवायचं आणि मोठ्या लाईनच्या डब्यांत भरायचं. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन जायच्या आणि आजा वहीत रेघा मारायचा. चार उभ्या, पाचवी आडवी. आम्ही त्याला "मँगनीज" म्हटलं की तो हसायचा. त्याच्या तोंडी तो शब्द कधी आलाच नाही. "कारा गोटा." बस्स. आमच्या या झाडीपट्टीत 'ळ' फारसा कुणाच्या जिभेवर टिकत नाही, आजाच्या तर नाहीच.

संध्याकाळी अंगणात खाट टाकून तो बसला की गोष्टी निघत. त्यातल्या निम्म्या त्याच्या बापाच्या असाव्यात, कारण आजाच्या जन्माआधीच्या गोष्टीही तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगायचा. एक गोष्ट ठरलेली होती. रशियात दंगा झाला आणि आपल्याकडे गोट्याला सोन्याचा भाव आला. आम्हाला ती थाप वाटे. कुठं रशिया, कुठं बिरसोला-हट्टा! पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की म्हातारा अगदीच खोटं सांगत नव्हता. जगाला मँगनीज पुरवायचं काम तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसच्या खाणी करत. १९०५ साली तिथं बंडाळी माजली, माल अडकला आणि विलायतेतले पोलादवाले मध्य प्रांताकडे वळले. मँगनीजवाचून चांगलं पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातला नको तो प्राणवायू आणि गंधक तेच ओढून घेतं. भाव चढले. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याच्या टेकड्यांवर जो तो गोटे हुडकत फिरू लागला.

त्याच काळात एक गोरा साहेब या मुलखात घोड्यावरून, बैलगाडीतून हिंडत होता. लुईस ली फर्मोर, सरकारी भूगर्भखात्यातला. १९०९ साली त्यानं हिंदुस्थानातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला. इथल्या एका खडकाला त्यानं नाव दिलं गोंडाइट, गोंड लोकांवरून. त्या खडकात गारगोटी असते आणि मँगनीजचा गार्नेट. गोंदिया हे नावही कोणी गोंडांवरून आलं म्हणतात, कोणी जंगलातल्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून. त्या वादात मी पडत नाही. पण खडकाला नाव गोंडांचं, आणि टोपल्या उचलणाऱ्या गोंड बायांना हातावर आणे. हे काही मला अजून गिळता आलेलं नाही. आजाला विचारलं तर तो नुसता विडी झाडायचा.

जुन्या मुकादमांना म्हणे दगड हातात घेतला की माल कसा आहे ते कळे. जड किती, फोडल्यावर चमक कशी, बोटाला लागतो किती. आजाही तो आव आणायचा. डोळे मिटून गोटा तळहातावर झुलवायचा आणि म्हणायचा, "हा भरवेलीचा नोहे. हा तिरोडीकडला." खरं-खोटं कोण तपासणार?

अशा वेळी हमखास कामठीच्या रावबहादुरांचं नाव निघे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. आजानं त्यांना पाहिलेलं नव्हतं. पाहिल्यासारखं बोलायचा एवढंच. कामठी म्हणजे कन्हान नदीकाठची लष्करी छावणी, नागपूरला लागून. तिथले हे खाणमालक. मँगनीजच्या धंद्यातून त्यांनी मोठी दौलत उभी केली. आजाच्या शब्दांत, "काऱ्या गोट्याचा राजा." आजी लगेच टोकायची, "राजा त्याचा, हात कारे तुमचे."

पण रावबहादुरांची गोष्ट आजा खाणीसाठी सांगत नसे, मृत्युपत्रासाठी सांगे. १९३० साली त्यांनी आपली मिळकत नागपूर विद्यापीठाच्या नावे केली, सुमारे ३५ लाख रुपये. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं, १९२३ सालचं. आजा कधी ३० लाख म्हणायचा, कधी ५०. त्या दिवशी जेवण कसं झालं यावर तो आकडा असायचा. लाखोरीच्या डाळीचे वडे झाले असले की रक्कम हमखास चढे.

मोठ्या रकमेपेक्षा मला आजही नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा पैसा घाटाला नाही, धर्मशाळेला नाही, देवळाच्या कळसाला नाही. उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवायला. आमच्या या भागातून आजवर काय गेलं? धान गेला, तेंदूपत्ता गेला, डिंक-मोहफूल गेलं, कारा गोटा गेला. सगळं कच्चं. पक्कं करून दुसऱ्यांनी विकलं. आजाच्या हातातल्या बॅटरीच्या सेलमध्येही मँगनीजच असतं, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं त्यासाठी नावाजलेलं. बॅटरी मात्र आम्ही बाजारातून विकत आणायचो. जन्मभर गोटा जहाजावर चढवणाऱ्या माणसानं मरताना सांगावं की पोरांना रसायन शिकवा. त्यांच्या मनात काय होतं ते मृत्युपत्रच जाणे. मी माझ्यापुरता त्याचा अर्थ असा लावतो.

पैसा दिला म्हणून लगेच भिंती उभ्या राहत नाहीत. मुंबईत १९३३ सालीच तिथल्या विद्यापीठाचं रासायनिक तंत्रज्ञानाचं खातं निघालं. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू व्हायला १९४२ उजाडलं, म्हणजे मृत्युपत्रानंतर बारा वर्षं. अमरावती रोडवरच्या त्या संस्थेला लोक एलआयटी म्हणतात. तेल, रंग, कागद, प्लॅस्टिक, अन्नप्रक्रिया, पेट्रोलियम असे विषय तिथं शिकवले जाऊ लागले. पुढं गोंदियातही विडीच्या धंद्यातल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली शिक्षण संस्था काढली आणि आमच्या पिढीला कॉलेज घराजवळ आलं. विडीचं पान काय नि कारा गोटा काय, जंगलाच्या पोटातलाच पैसा. पण माझ्या काकाच्या वेळेला नागपूरला जाण्यावाचून इलाज नव्हता.

काका एलआयटीत तेलतंत्र शिकायला गेला तेव्हा मी पाचेक वर्षांचा असेन. आजा त्याला पॅसेंजरवर बसवून आला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. आजीनं डब्यात पोह्यांचा चिवडा, सुकवलेले शिंगाडे आणि चारोळ्या बांधून दिल्या होत्या. दिवाळीला, मंडईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, काका परत आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वडी त्यानं आजीच्या हातावर ठेवली. साबण! प्रयोगशाळेत स्वतः केलेला. मातकट रंगाचा, वास कसलाच नाही. आजीनं तो कपाळाला लावला, देवापुढं ठेवला, मग आजाचं धोतर घेऊन विहिरीवर गेली. आळीतल्या चार बाया बघायला जमल्या. धोतराचा काठ घासघास घासला. डाग काही हलला नाही.

काका ओशाळला. म्हणाला, "आई, हा डाग साबणानं नाही जात. आंबट लागतं. चिंच लावून बघ."

आजी कमरेवर हात ठेवून उभी. "चिंच लाव, मनते! याच्यासाठी नागपूरले धाडला का गा याले?"

आजा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला तरी असंच आठवतं. मोठी बहीण म्हणते ठसका आजीला लागला होता. धाकटी म्हणते तू तेव्हा झोपला होतास. असेल. चिंचेनं डाग बराचसा गेला, यावर मात्र तिघांचं एकमत आहे. उरलेली वडी आजीनं कधी वापरली नाही. ती गेल्यावर ट्रंकेत सापडली, लग्नातल्या शालूच्या घडीत, भेगाळलेली.

आता छोटी लाईन उरली नाही, बालाघाटलाही मोठी लाईन गेली. गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघून स्वतःच जिल्हा झाला. एलआयटीचं २०२३ साली स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि कामठीच्या खाणवाल्याचं नाव त्याच्या पाटीवर तसंच राहिलं. कधी अमरावती रोडवरून गेलात तर तेवढी पाटी जरूर वाचा.

घर विकलं तेव्हा वाटणीत मी गोटा मागितला. कुणी हरकत घेतली नाही. येताना वाटेत किराणा दुकानात वजन करून घेतलं. साडेतीन किलोला थोडा कमी भरला. दुकानदारानं तागडी पुसायला माझाच रुमाल मागून घेतला.