लेख गूगलवर सापडावा म्हणून पोस्ट कशी टाकावी? (स्पॅम न करता)

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. या तारखांना आपले सगळे ग्रुप संदेशांनी भरून जातात. दोन दिवसांनी त्यातले काहीच शोधून सापडत नाही. पण लोक वर्षभर गूगलवर शोधतच असतात : 'बौद्ध विवाह विधी', '२२ प्रतिज्ञा', 'नवबौद्ध जातीचा दाखला', 'शिष्यवृत्ती कागदपत्रे'. तिथे चुकीचे उत्तर मिळाले, तर एखाद्या मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती जाऊ शकते. विहार, मंडळे आणि संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

पोस्टचा आणि गूगलचा संबंध काय?

थेट संबंध फार थोडा. लाइक आणि शेअर मोजून क्रम ठरवला जात नाही, असे गूगलकडून वेळोवेळी सांगण्यात आले आहे. बहुतेक मोठ्या सोशल मीडियावरील लिंकला 'नोफॉलो' किंवा तशीच खूण असते. २००५ पासून वापरात असलेल्या या खुणेमुळे ती लिंक सहसा शिफारस म्हणून धरली जात नाही. व्हॉट्सअॅपवरच्या गप्पा तर सर्च इंजिनपर्यंत पोहोचतच नाहीत.

फायदा होतो तो वळणाने. पोस्टमुळे लेख एखाद्या शिक्षकाच्या, पत्रकाराच्या, दुसऱ्या संस्थेच्या नजरेस पडतो. त्यांना तो उपयोगी वाटला, तर ते आपल्या वेबसाइटवर त्याची लिंक देतात. ही लिंक मोजली जाते. शिवाय लोक पुढच्या वेळी संस्थेचे नाव टाकूनच शोधतात.

पोस्ट तयार करताना

१. आधी कायमचे पान तयार करा. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' यावर दरवर्षी नवा लेख टाकू नका. एकच पान ठेवा, त्याचा पत्ता बदलू नका आणि मजकूर दरवर्षी अद्ययावत करा. मग जुन्या लिंकही त्याच पानाला मिळत राहतात.

२. एका पोस्टमध्ये एकच प्रश्न घ्या आणि उत्तराचा गाभा तिथेच द्या. उदाहरणार्थ : "धर्म 'बौद्ध' लिहिला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जातो का? नाही. १९९० साली संविधान (अनुसूचित जाती) आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. दाखल्यासाठी काय लागते, ते इथे वाचा." ज्याला लिंक उघडायची नाही, त्यालाही यातून काही मिळते.

३. लोक शोधतात ते शब्द वापरा. 'जात प्रमाणपत्र' आणि 'जातीचा दाखला' दोन्ही शोधले जातात. पानावर दोन्ही सहज यावेत. वेबसाइटला कोणत्या शब्दांवरून वाचक येतात, हे गूगलच्या मोफत सर्च कन्सोलमध्ये दिसते. पुढच्या पोस्टचे विषय तिथूनच घ्या.

४. मजकूर फक्त चित्रात ठेवू नका. बॅनर सुंदर दिसतो, पण तोच मजकूर पानावर युनिकोडमध्येही हवा.

५. व्याख्यानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकताना शीर्षकात विषय लिहा आणि वर्णनात लेखाची लिंक द्या. यूट्यूबचे व्हिडिओ गूगलच्या निकालांतही दिसतात.

६. बाबासाहेबांचे वाक्य टाकताना महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा खंड आणि पान द्या. खंड-पान सापडत नसेल, तर ते वाक्य टाकू नका. संदर्भ असलेल्या पानाचीच लिंक अभ्यासक देतात.

स्पॅम कशाला म्हणायचे?

एकच मजकूर तीस ग्रुपमध्ये चिकटवणे, दुसऱ्याच्या दुःखद बातमीखाली आपली लिंक टाकणे, विषयाशी संबंध नसलेले पंधरा हॅशटॅग लावणे, 'जय भीमवाले असाल तर शेअर करा' असा दबाव आणणे, हा सगळा स्पॅमच. पैसे देऊन लिंक घेणे किंवा यंत्राद्वारे लिंक पसरवणे गूगलच्या नियमांतही बसत नाही. अशी वेबसाइट निकालांत मागे पडते किंवा दिसेनाशी होते. व्हॉट्सअॅपने तर एप्रिल २०२० पासून वारंवार फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आहे.

तांत्रिक नुकसानापेक्षा विश्वासाचे नुकसान मोठे. ज्या ग्रुपमध्ये रोज वीस लिंक येतात, तिथे अर्जाची शेवटची तारीख सांगणारी एकविसावी लिंक कुणी उघडत नाही. आणि नेमकी तीच गरजेची असते.

पाठवण्यापूर्वीची कसोटी

त्यासाठी नवे नियम शोधायची गरज नाही. बुद्धांनी सुभाषित वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत : ती योग्य वेळी बोललेली, सत्य, सौम्य, हिताची आणि मैत्रीभावाने बोललेली असावी. पोस्ट याच पाच प्रश्नांवर तपासा. शिष्यवृत्तीची माहिती प्रवेशाच्या दिवसांत, विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये, ओळखीच्या माणसाकडून आली तर ती मदत ठरते. तीच माहिती अवेळी सगळीकडे फेकली तर कचरा होते. आठवड्याला दोन पोस्ट झाल्या तरी पुरे, पण प्रत्येक पोस्ट कुणाच्या तरी खऱ्या प्रश्नाला उत्तर देणारी हवी.