राव्हेन्नाचे पाइनवन

इटलीतील राव्हेन्ना शहराचे नाव निघाले की तेथील प्राचीन ख्रिस्तमंदिरांतील मोझाइक चित्रे आठवावीत, हे स्वाभाविक आहे. शहराबाहेर क्लासे येथे संत अपोलिनारिस यांचे मंदिर आहे. इ. स. ५४९ मध्ये त्याचे समर्पण झाले. वेदीमागील अर्धघुमटात हात उंचावून प्रार्थना करणारे संत, पायाशी बारा मेंढ्या आणि झाडांनी भरलेले हिरवे कुरण दिसते. प्रवासी ते डोळे भरून पाहतात आणि परत फिरतात. समुद्राच्या दिशेला आणखी थोडे पुढे एक जुने वन आहे, तिकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात.

हे वन पाइनचे आहे. आपल्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन ज्यांच्या डोळ्यांपुढे येईल त्यांनी ते चित्र क्षणभर बाजूला ठेवावे. येथील पाइनचा बुंधा सरळ आणि उंच, तर माथ्यावर उघडलेल्या छत्रीसारखा पसारा. त्याचे मुठीएवढे शंकूच्या आकाराचे फळ पिकायला तब्बल तीन वर्षे लागतात. आतली बी आपल्या चिलगोज्याच्या जातीची, खमंग आणि पौष्टिक. या बीतच वनाच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे, असे आम्हांला वाटते. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या अलेप्पो पाइनची बी हलकी आणि पंखाची. त्याची कित्येक फळे राळेने बंद राहतात, वणव्याच्या धगीने उघडतात आणि राखेवर नवे वन उगवते. छत्रीपाइनची बी जड, पंख असून नसल्यासारखा. ती वाऱ्यावर उडत नाही, आगीची वाट पाहत नाही. पशुपक्ष्यांनी नेली तर थोडीफार पसरते, एरवी आईच्या पायाशीच पडते. तेथे दाट सावली असेल तर रोप जगत नाही, कारण त्याला ऊन हवे. म्हणून जेथे छत्रीपाइनचे मैलोन्‌मैल वन दिसते, तेथे बहुधा माणसाने बी पेरलेली असते.

राव्हेन्नाला ती माणसे म्हणजे मुख्यतः मठवासी. सम्राट ऑगस्टसच्या काळी क्लासे हे रोमन आरमाराचे बंदर होते. नद्यांनी आणलेल्या गाळाने ते बुजत गेले, समुद्र हटत गेला आणि मागे वाळूच्या समांतर वरंब्या राहिल्या. त्या वरंब्यांवर हे पाइन वाढले. मध्ययुगापासून वन मठांच्या मालकीचे होते आणि त्याचे भागही मठांच्या नावांनीच ओळखले जात : संत व्हिताल, संत योहान, पोर्तो, क्लासे. याच क्लासेच्या मठात दहाव्या शतकात संत रोमुआल्ड यांनी व्रत घेतले. पुढे त्यांनी आपेनाइन डोंगरात कामाल्दोलीचा आश्रम स्थापिला, आणि तेथील बंधूंनीही फरवृक्षांचे वन शतकानुशतके राखले.

मठवासींनी हे केवळ सृष्टिप्रेमापोटी केले, असे आम्ही म्हणणार नाही. पाइनची बी विकली जाई, लाकूड कामी येई, झाडांखाली गुरे चरत. झाडावर चढून आकड्याच्या काठीने फळे पाडावी लागत आणि ती सुकवून, फोडून बी काढावी लागे. काम जोखमीचे आणि कष्टाचे. परंतु ज्या झाडापासून वर्षानुवर्षे उत्पन्न येते ते तोडावे असे कोणास वाटेल? महाकवी दान्ते यांनी राव्हेन्नात आश्रय घेतला आणि १३२१ मध्ये येथेच देह ठेवला. आपल्या महाकाव्यात पृथ्वीवरील नंदनवनाच्या पानांची सळसळ वर्णिताना त्यांना क्लासेचे पाइनवन आठवले, ते दक्षिण वाऱ्यात घुमणारे. ज्या वनाची उपमा कवीने नंदनवनाला दिली, ते राखणाऱ्यांना बियांचाही हिशेब ठेवावा लागत होता!

अठराव्या शतकात वनाचा विस्तार सुमारे सात हजार हेक्टर होता. राव्हेन्नाचे सरदार आणि निसर्गअभ्यासक फ्रान्चेस्को जिनानी यांनी त्याचा सविस्तर इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये रोमला छापला गेला. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत चित्र पालटले. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने पोपमहाशयांची सत्ता येथून उठवली, मठ बंद झाले आणि वन दुसऱ्या हातांत गेले. नव्या मालकांना पाइनच्या बीपेक्षा पाइनखालची जमीन अधिक मोलाची वाटू लागली. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी वनावर कुऱ्हाड चालली. १८७९-८० च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने उरलेल्यांपैकी असंख्य पाइन मारले.

या मधल्या काळातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४९ मध्ये रोमचे प्रजासत्ताक कोसळले आणि पोपमहाशयांच्या राज्याचा कट्टर विरोधक गारिबाल्दी पळत याच प्रदेशात आला. त्याची गरोदर पत्नी अनिता ४ ऑगस्टला जवळच्या एका शेतघरात वारली. एके काळी मठांचे असलेले हेच वन आणि त्यालगतच्या दलदलीतील झोपड्या त्याच्या आश्रयाला आल्या; आणि पुढे डोंगरात त्याला आपल्या घरी लपवणारा डॉन जोव्हान्नी व्हेरिता हा एक धर्मगुरू होता. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही, हे खरे.

१६ जुलै १९०५ रोजी मंत्री लुइजी राव्हा यांच्या पुढाकाराने राव्हेन्नाचे पाइनवन राखण्याचा कायदा झाला. निसर्गसौंदर्य जपण्यासाठी इटलीने केलेला हा पहिला कायदा मानला जातो. आज संत व्हिताल आणि क्लासे हे दोन मोठे भाग उरले आहेत, दोन्ही मिळून सुमारे दोन हजार हेक्टर. ते नगरपालिकेच्या मालकीचे असून पो नदीच्या मुखाजवळील संरक्षित उद्यानात मोडतात.

कायद्याने कुऱ्हाड थांबली. पण पाइन त्याने वाढला नाही. गुरे गेली, खालचा झाडोरा काढणारे हात गेले आणि पाइनच्या सावलीत ओक वाढू लागले. ओकच्या रोपाला सावली चालते, पाइनच्या रोपाला चालत नाही. विसाव्या शतकात भूगर्भातील पाणी आणि वायू उपसल्याने काही ठिकाणी जमीन मीटरभर खचली आणि खारे पाणी मुळांपर्यंत आले. त्यातच १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतील एक ढेकणासारखा कीटक इटलीत प्रथम आढळला. तो कोवळ्या फळांतला रस शोषतो आणि आतली बी पोकळ राहते. ज्या बीसाठी मठवासींनी वन वाढवले, तिचे पीक त्यानंतर सगळ्या इटलीत घटले.

वन जसे आहे तसे सोडावे की पाइनला ऊन मिळावे म्हणून ओक काढून पुन्हा पाइन लावावा, हा प्रश्न तेथील वनरक्षकांपुढे आहे. ओकचे वनही सुंदरच होईल, आणि त्या भूमीवर त्याचा हक्क कमी नाही. आमचे मत विचाराल तर थोड्या भागात तरी पाइन लावला जावा, आणि त्याची फळे पाडायला कोणीतरी चढावे.