टाक्याचा टँक

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या भागात धानाच्या बांध्यांना पाणी देतो तो तलाव, आणि त्याहून लहान ती बोडी. सरकारी इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच नाव: टँक. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांनी ते रूढ केलं, पुढे पाटबंधाऱ्याच्या कागदांत ते कायम झालं. इंग्लंडातल्या माणसाला टँक म्हटलं की धातूची टाकी आठवते. कमळं फुललेलं, डोंगराच्या कुशीत पसरलेलं पाणी आठवत नाही. हा अर्थ हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा आहे, आणि शब्दाचं एक मूळही इथलंच.

मराठी टाकं आणि गुजराती टांकुं हे ते मूळ. पाथरवटाच्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो, संस्कृतात टंक. त्या टाकीने कातळात कोरलं ते टाकं, ही सांगड मला पटते. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्याने पाहिली असतील त्यालाही ती पटेल. वस्तू शब्दाहून जुनी: कान्हेरीच्या प्राकृत लेखांत अशाच कोरीव टाक्यांच्या दानाच्या नोंदी आहेत, पण तिथे शब्द आहे पोढी.

पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांकडे अडवलेल्या पाण्यासाठी स्वतःचा ‘तांके’ होताच. दोन शब्द भेटले आणि एकमेकांत मिसळले. सतराव्या शतकात इंग्रज प्रवासी टँक लिहू लागले. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात युल आणि बर्नेल यांनी या मिसळणीची चर्चा केली आहे.

मुंबईत या टँकचं पाणी गेलं, नावं राहिली. गवालिया टँक हा गाईगुरांचा तलाव. तो बुजून मैदान झालं, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक तिथून गेली. सी. पी. टँकला आज जाणाऱ्याला पाणी दिसत नाही. पुण्यात टिळक टँकवर मुलं पोहायला शिकतात, तो अर्थ त्यातल्या त्यात मूळ वस्तूच्या जवळचा.

लढाईचा टँक मात्र खोटं बोलण्यातून आला. इंग्लंडात लिंकन इथल्या कारखान्यात अशी पहिली चिलखती गाडी बनत होती, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून ती मेसोपोटेमियात पाणी वाहण्यासाठी आहे अशी हूल उठवली गेली. कागदोपत्रीही सोपं, फसवं नाव हवं होतं. डिसेंबर १९१५ मध्ये टँक ठरलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर त्या गाड्या प्रथम उतरल्या. नाव ठरलं त्याच डिसेंबरात खऱ्याखुऱ्या मेसोपोटेमियात, कूत शहरात, सहाव्या पूना डिव्हिजनला वेढा पडला होता, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने गांजलेल्या त्या सैन्याने शरणागती पत्करली. नावाची ही दोन टोकं एकत्र ठेवली की मन विषण्ण होतं.

आता पुन्हा भंडाऱ्याकडे. इथले जुने तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. पूर्वज बनारसकडून आले आणि चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने स्थिरावले, असं त्यांची परंपरा सांगते. नवेगाव बांध, आता गोंदिया जिल्ह्यात असलेला, कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा बांधांनी बंद करून. पाणी कुठून येणार, पाळ कुठे घालायची, जास्तीचं पाणी कुठून सोडायचं, हे जमीन वाचूनच ठरत असे.

टँक या एका शब्दात हे कौशल्य मावत नाही, आणि तलावाचे सगळे वाटेकरीही मावत नाहीत. धानाला पाणी हा एक वाटा. ढिवरांची मासेमारी, शिंगाडा, कमळाचे कंद, गावाच्या ढोरांचं पाणी, म्हणजे निस्ताराचे हक्क, हे बाकीचे वाटे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. जमीनदारी जाणं न्यायाचंच होतं. पण पाळीची डागडुजी आणि गाळ काढणं ही जबाबदारी नेमकी कुणाची, हे त्यासोबत नीट ठरलं नाही, आणि पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, बेशरम नावाच्या झुडपाने भरले. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आजही पहिला प्रश्न असतो तो किती हेक्टर भिजणार. किती घरांची मासेमारी चालणार, शिंगाडा कुठे लावणार, ढोरं कोणत्या बाजूने पाण्यात उतरणार, हे रकाने त्याच कागदावर, त्याच पानावर हवेत.