विधिपरिषद निवडणूक, मुंबई इलाख्यातील (एकोणिसावे शतक)

ब्रिटिश अंमलात मुंबईचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला नसे. त्याची नेमणूक लंडनहून होई. निवडणुकीचा शिरकाव झाला तो त्याच्या विधिपरिषदेत, आणि तोही आडमार्गाने. १८६१ च्या कायद्यानुसार परिषदेत बिनसरकारी सभासद आले. जगन्नाथ शंकरशेट हे त्यांपैकी एक. परंतु ते सर्व नियुक्त होते. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबईच्या अतिरिक्त सभासदांची कमाल संख्या ८ वरून २० केली. काही जागांसाठी मुंबई महानगरपालिका, विद्यापीठ, स्थानिक मंडळे इत्यादी संस्थांनी नावे सुचवावयाची होती. ‘निवडणूक’ हा शब्द कायद्यात कटाक्षाने टाळलेला होता. संस्थेने नाव सुचवावे व गव्हर्नरने नेमणूक करावी, अशी ही रचना होती. व्यवहारात मात्र चुरशीने मते मागितली जात. सभासदास अंदाजपत्रकावर बोलता येई व प्रश्न विचारता येत. अंदाजपत्रकावर मत देता येत नसे.

१८९५ मध्ये मध्य विभागातील स्थानिक मंडळांनी बाळ गंगाधर टिळक यांना निवडून दिले. पुणे, सातारा, सोलापूर आदी जिल्हे या विभागात मोडत. मतदार म्हणजे सामान्य रयत नव्हे, तर मंडळांचे मूठभर सभासद होते. त्या मंडळांतही सरकारनियुक्त सभासद असत. तरीही सरकारवर कठोर टीका करणारा संपादक या वाटेने परिषदेत पोहोचला, हे विशेष होय. १८९७ मध्ये त्यांची पुन्हा निवड झाली. परंतु त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली व सभासदत्व संपले. १८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले परिषदेत आले.

सोलापूरच्या पूर्वेस, निजामाच्या हद्दीतील मुरुमसारख्या गावांना एवढीही संधी नव्हती. मुरुमचा परिसर ज्यात येतो, तो नळदुर्ग (धाराशिव) जिल्हा निजामाने १८५३ च्या तहान्वये, हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी, कंपनीच्या स्वाधीन केला होता. तेथे फिलिप मेडोज टेलर हा डेप्युटी कमिशनर होता. त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. १८६० च्या तहाने जिल्हा निजामाकडे परत गेला. सात वर्षांत दोनदा राज्य बदलले. दोन्ही वेळा रयतेस कोणी विचारले नाही. याच तहात वऱ्हाड मात्र इंग्रजांनी आपल्याकडे ठेवले. हैदराबादेत १८९३ मध्ये विधिपरिषद स्थापन झाली. तिच्यात ग्रामीण रयतेला मत नव्हते. मुरुमच्या प्रौढ स्त्रीपुरुषांना विधानसभेसाठी मताधिकार मिळाला तो १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हाही हैदराबाद राज्याचे राजप्रमुखपद निजाम मीर उस्मान अलीखान यांच्याकडेच होते. ते १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर संपुष्टात आले.