नाक्यावरची चिठ्ठी : पाच सूत्रे आणि भाष्य

मदत कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवणाऱ्या मजुरी आणि गरिबीवरच्या प्रयोगाचा पहिला, छोटा टप्पा कसा असावा, याची ही सूत्रे. डोळ्यांपुढे मीरा-भाईंदरचा मजूर नाका धरला आहे. सूत्रे माझी, भाष्यही माझेच.

आधी नाका मोजावा, मग चिठ्ठी टाकावी.

सकाळी उभे असलेले गवंडी, बिगारी, रंगारी म्हणजे काही हजेरीपट नव्हे. माणूस कामासाठी वसईला जातो, पेरणीला गावी जातो, सिम बदलतो. सहा महिन्यांनी किती जण सापडतील याचा अंदाज आधी हवा. जे सापडत नाहीत ते बहुधा एक तर बरे कमावू लागलेले असतात, नाहीतर पार कोलमडलेले.

चिठ्ठीने दोन्ही बाजू सारख्या होतात.

कोणाची ओळख मोठी, कोण धडपड्या, हे चिठ्ठी पाहत नाही. म्हणून पुढे दिसलेला फरक मदतीचा म्हणता येतो. मीरा रोडकरांना सोडत समजावून सांगायला नको. तनू कुमार यांनी म्हाडाच्या मुंबईतील घरांच्या सोडतींचे विजेते आणि हुकलेले अर्जदार यांची तुलना केली, तेव्हा विजेत्यांच्या घरांत शिक्षण आणि रोजगार सरस आढळले. म्हाडाने सोडत काही संशोधनासाठी काढली नव्हती!

एकाला लागलेले काम दुसऱ्याच्या हातून गेले का, ते पाहावे.

खरे तर हा सारा खटाटोप या सूत्रासाठी. समजा, नाक्यावरच्या निम्म्या जणांना लादी बसवायला शिकवले आणि त्यांचे कामाचे दिवस वाढले. पण ठेकेदाराला हवे होते चारच. त्याने शिकलेले चार उचलले. उरलेल्यांचे दिवस तेवढेच घटले, तर दोन गटांतला फरक फुगून दिसेल आणि नाक्याची गरिबी जिथल्या तिथे राहील. म्हणून फ्रान्समध्ये क्रेपाँ, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दोनदा चिठ्ठ्या टाकल्या. आधी २३५ भागांवर, कुठे किती टक्के बेरोजगारांना मदत द्यायची यासाठी, मग माणसांवर. लाभार्थ्यांच्या फायद्याचा काही भाग वगळलेल्यांच्या वाट्यातून आला होता. ओडिशात ब्रेझा, कौर आणि शमदासानी यांनी ६० गावांच्या प्रयोगात काही मजुरांना बाहेरचे काम दिले. मंदीच्या महिन्यांत गावातली मजुरी वाढली नाही, रोजगारही घटला नाही. रिकामे हात होते, त्यांनी जागा भरल्या. हे मंदीतले झाले; तेव्हा नोंदीत हंगाम हवाच. पावसाळ्यातला नाका आणि दिवाळीआधी रंगकाम निघते तेव्हाचा नाका, हे दोन निराळे बाजार आहेत.

छोट्या चाचणीचा आकडा मिरवू नये.

चाळीस माणसांत दोघांना मोठे काम लागले की सरासरी उसळते. चाचणीतून प्रश्नावलीतल्या चुका, खर्च आणि गळती एवढेच घ्यावे.

कायद्याने मिळणारे चिठ्ठीवर लावू नये.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर ठेकेदार रोज वेगळा. दाखला देणार कोण? मदतीची गरज उघड आहे, म्हणूनच प्रयोगाचा मोहही होतो. पण तुलनेसाठी कोणाची नोंदणी अडवून ठेवायचा अधिकार संशोधकाला नाही. नोंदणीचे शिबिर आधी कोणत्या नाक्यावर, एवढेच चिठ्ठीने ठरवावे. आणि असे शिबिर कोणी भरवणार असेल, तर मागे राहिलेल्या नाक्यांच्या तारखा पहिल्याच दिवशी जाहीर कराव्यात.