बदलांची वही

सोसायटीचा इतिहास म्हटलं की मंडळींना भूमिपूजन आणि पहिला गणपती आठवतो. मला आठवते ती ऑफिसच्या कपाटातली कार्बन घालून लिहायची वही. घरात काम काढल्यावर मध्येच ठरणारे बारीकसारीक बदल आपण तिच्यात लिहितो.

कागदाचं महत्त्व रत्नागिरीकरांना सांगायला नको. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे नजरकैदेत आला आणि तब्बल चोवीस वर्षांनी, १९१० मध्ये, राजवाड्यात राहायला गेला. त्याची मागणी सरकारकडे जायची ती अधिकाऱ्यामार्फत, लेखी. बिचाऱ्याचं सगळंच काही मान्य झालं नाही, पण काय मागितलं होतं ते शंभर वर्षांनीही कळतं.

फ्लॅटच्या बाबतीत १९६३ च्या मोफा कायद्यातलं कलम ७ आहेच: नकाशा दाखवून करार केल्यावर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बिल्डरने त्याच्या घरात फेरफार करायचा नाही. ताबा मिळाल्यावर मात्र आपण आणि आपला मिस्त्री. भिंतीला हात लावायचा तर कमिटीची परवानगी लागते, पण 'नळ जरा सरकवा' हे कोण लिहितो?

आमच्या विंगेत असाच एक नळ सरकला. पाइप कुठून नेला, नोंद नाही. पुढच्या पावसाळ्यात खालच्या घरात छताला ओल. पावसाची की पाइपाची? दोन ठिकाणी लादी फोडल्यावर पाइप सापडला, तोपर्यंत दोन्ही घरांचं गणपतीला जाणं-येणं बंद झालं होतं.

तेव्हा वही आली. तारीख, काय बदललं, पैसे किती वाढले किंवा कमी झाले, दिवस किती लांबले, पाइप-वायर कुठून गेली त्याचं हाताने काढलेलं चित्र. हात लावण्याआधी मालक आणि मिस्त्री दोघांची सही. एकेक प्रत दोघांना, तिसरी वहीत.

सुरुवातीला आमचे एक मिस्त्री रागावले. "भाऊ, एवढापण विश्वास नाय काय?" दोन वर्षांनी एका घरी माळ्याचे जास्तीचे पैसे अडले. मालक म्हणाले, "मी सांगितलंच नव्हतं." मिस्त्रींनी काही न बोलता प्रत पुढे केली. खाली मालकांचीच सही. पैसे त्याच संध्याकाळी मिळाले.

सध्या चौथी वही चालू आहे. ती सेक्रेटरींकडे असते. फ्लॅट नव्याने घेतलेल्यांनी भिंतीत खिळा ठोकण्याआधी आपल्या नंबराची पानं जरूर पाहावीत.